सायकल आणि ऊन ऊन चहा

घरचें माणूस रुग्णालयांत निजून आहे, घरीं भल्या पहांटे चहा उकळला आहे, आणि कोणी तरी तो थर्मासमध्यें ओतून, थर्मास सायकलीच्या हँडलाला अडकवून, लगबगीनें निघाला आहे, हें दृश्य महाराष्ट्रांतील लहानमोठ्या गांवीं पुष्कळांनीं पाहिलेलें असेल. वाट फार तर दोनतीन किलोमीटरांची असते. पण तेवढ्या वाटेंत चार गोष्टी साधाव्या लागतात. चहा ऊन राहिला पाहिजे. तो सांडतां कामा नये. तो बिघडतां कामा नये. आणि त्यानें कोणाला भाजतां कामा नये. वरवर पाहणाराला ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु या चार गोष्टींच्या पोटीं उष्णतेचे, द्रवांच्या हालचालीचे आणि सायकलीच्या तोलाचे जे नियम दडलेले आहेत, ते एकदां समजले म्हणजे ही क्षुल्लक बाब बरीच विचार करण्याजोगी आहे असें दिसून येतें. त्या सर्व नियमांचें तात्पर्य मात्र एका वाक्यांत सांगतां येईल: ऊन चहा सायकलीवरून न्यावयाचा असतो, सायकल चालवीत प्यावयाचा नसतो.

ही विद्या ज्यांनीं पोटासाठीं संपादन केली आहे असा एक वर्ग मुंबई शहरांत आहे. मध्यरात्रीनंतर शेवटची लोकल निघून गेली आणि हॉटेलांचीं दारें बंद झालीं म्हणजे हे सायकलवाले चहाविक्रेते रस्त्यावर दिसूं लागतात. सायकलीच्या हँडलाला आणि मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंस पोलादी थर्मास किंवा तोटीचीं डबेवजा भांडीं लटकत असतात. एका पिशवींत कागदी पेल्यांची चळत असते. टॅक्सीवाले, पहारेकरी, रात्रपाळीचे कामगार, पोलीस, पहांटे वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारे लोक, ही त्यांची गिर्‍हाइकी. चहा कोठें तरी खोलींत एकदांच उकळलेला असतो; रस्त्यावर शेगडी नसते, दिवा नसतो. म्हणून जो चहा रात्रीं बारा वाजतां भरला तोच तीन वाजतां वाफाळत निघाला पाहिजे. कोमट चहाला दुसर्‍यांदा कोणी पैसे देत नाहीं. त्या माणसाची सारी कमाई त्या भांड्यांच्या दोन भिंतींमध्यें सांठविलेली असते, असें म्हटलें तरी चालेल.

दक्षिणेकडे तामिळनाडूंतील शहरांतहि असाच प्रकार आढळतो. तेथें सायंकाळीं सायकलीच्या मागें तोटीचें मोठें भांडें बांधून सुंठीची कॉफी विकणारे फिरत असतात. सुंठीला तामिळ भाषेंत सुक्कु म्हणतात. त्यावरून त्या पेयाला सुक्कु कॉफी असें नांव आहे. मुंबईचा चहावाला काय किंवा तामिळनाडूचा कॉफीवाला काय, दोघांची रीत एकच असते. माल सायकलीवर फिरतो. पण पेला भरला जातो तो सायकल उभी राहिल्यावर, आणि विक्रेत्याचे दोन्ही पाय जमिनीवर टेकल्यावर.

आतां पहिली गोष्ट, चहा ऊन राखणें. उघड्या पेल्यांतील चहा लवकर निवतो, हें लहान मूलहि जाणतें. परंतु तो कोणत्या वाटेनें निवतो हें सर्वांस ठाऊक असतेंच असें नाहीं. पेल्याच्या भिंतींतून उष्णता बाहेर जाते हें खरें. पण तिचा पुष्कळ मोठा भाग वाफेबरोबर वरून निघून जातो. पाण्याची वाफ होण्यास फार उष्णता लागते, आणि ती उष्णता मागें राहिलेल्या चहांतूनच घेतली जाते. हिशेब सोपा आहे. एक किलोग्रॅम पाणी एक अंशानें तापविण्यास जी उष्णता लागते तिला आहारशास्त्रांत एक उष्मांक म्हणतात. दहा ग्रॅम, म्हणजे सुमारें दोन चमचे, पाण्याची वाफ होऊन गेली तर साडेपांच उष्मांक खर्ची पडतात. पेल्यांत दोनशें ग्रॅम चहा असेल, तर तेवढ्यानें तो सुमारें सत्तावीस अंशांनीं उतरतो. दोन चमचे वाफ, आणि कढत चहाचा कोमट चहा झाला! त्यांत सायकल चालत असली म्हणजे समोरून वारा लागतो. तो पृष्ठभागावरची दमट हवा सतत दूर नेतो, आणि वाफ होण्याचें काम अधिकच वेगानें चालतें. ज्या कारणानें बशींत ओतून फुंकर घातलेला चहा लवकर निवतो त्याच कारणानें धांवत्या सायकलीवरचा उघडा पेला निवतो. यावरून झांकणाची किंमत कळून येईल. उष्णता राखण्याचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घट्ट झांकण.

झांकण लावल्यावर उष्णतेला तीन वाटा उरतात. एक वहनाची, म्हणजे एका कणाकडून शेजारच्या कणाकडे. ऊन दुधांत ठेवलेल्या चमच्याचा दांडा तापतो तो या वाटेनें. दुसरी अभिसरणाची, म्हणजे तापलेली हवा वर चढते व थंड हवा तिची जागा घेते. तिसरी प्रारणाची, म्हणजे मध्यें कोणताहि पदार्थ नसतांना उष्णता किरणरूपानें जाते. सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते ती अशीच. या तिन्ही वाटा एकाच भांड्यांत अडविण्याची युक्ति ज्यानें काढली त्या शास्त्रज्ञाच्या मनांत चहा मुळींच नव्हता. लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत जेम्स ड्यूअर हे स्कॉटिश शास्त्रज्ञ वायु अतिशय थंड करून त्यांचे द्रव बनविण्याच्या प्रयोगांत गुंतले होते. असे द्रव साध्या भांड्यांत ठेवले तर भोंवतालच्या उष्णतेनें ते पाहतां पाहतां उकळून उडून जात. म्हणून १८९२ सालीं त्यांनीं दुहेरी भिंतीचें कांचेचें भांडें करविलें आणि दोन भिंतींमधील हवा काढून टाकली. जेथें हवाच नाहीं तेथें वहनहि जवळजवळ नाहीं आणि अभिसरणहि नाहीं. प्रारण अडविण्यासाठीं कांचेला आंतून आरशासारखी चकाकी देण्यांत आली. बाहेरची उष्णता आंत येऊं न देणारें हें भांडें आंतली उष्णताहि बाहेर जाऊं देत नाहीं. कारण भिंतीला आंत कोण आणि बाहेर कोण याची ओळख नसते.

ड्यूअर यांनीं आपल्या या भांड्याचें पेटंट घेतलें नाहीं. जर्मनींतील राइनहोल्ड बुर्गर या कांचकाम करणार्‍या कारागिरानें त्या नाजूक भांड्याला बाहेरून धातूचें कवच बसवून तें घरगुती उपयोगाचें केलें, आणि १९०४ सालीं थर्मॉस या नांवानें त्याचा धंदा सुरू झाला. उष्णतेसाठीं असलेल्या ग्रीक शब्दावरून तें नांव घेतलेलें आहे. पुढें ड्यूअर कोर्टांत गेले, पण त्यांना यश आलें नाहीं. १९१३ सालीं अमेरिकेंत विल्यम स्टॅन्ली यांनीं कांचेऐवजीं दोन्ही भिंती पोलादाच्या असलेल्या निर्वात बाटलीचें पेटंट मिळविलें. सायकलस्वाराच्या दृष्टीनें हा बदल फार मोलाचा ठरला. कांचेचा थर्मास खड्ड्यांत आपटला कीं आंतून चुरा झाल्याचा आवाज येतो, आणि तो चहा मग ओतूनच द्यावा लागतो. गाळून प्यावा असा मोह कोणी धरूं नये, कारण कांचेचे सूक्ष्म कण फडक्यांतून जातात. पोलादी थर्मासला पोंचा येईल; पण तो सहसा फुटत नाहीं. मात्र पोंचा खोल असला तर दोन भिंती एकमेकींस टेकतात किंवा सांधा उलून मधल्या पोकळींत हवा शिरते. चहा भरल्यावर थर्मास बाहेरून गरम लागूं लागला तर त्याचा गुण गेला असें समजावें.

थर्मास चांगला असला तरी तो भरण्याची एक रीत आहे. थंड थर्मासमध्यें एकदम चहा ओतला तर आंतली भिंत तापविण्यांतच कांहीं उष्णता खर्च होते. म्हणून आधीं उकळतें पाणी ओतून पांच मिनिटें ठेवावें, तें टाकून द्यावें, आणि मग चहा भरावा. अर्धा थर्मास भरण्यापेक्षां लहान थर्मास पूर्ण भरणें बरें. तसेंच, पुष्कळ चहा न्यावयाचा असेल तर अनेक लहान भांड्यांपेक्षां एक मोठें भांडें उष्णता अधिक काळ राखतें. दहा सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी डब्यांत एक लिटर चहा मावतो आणि त्याला सहाशें चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. बाजू दुप्पट केली तर आंत आठ लिटर मावतात, पण पृष्ठभाग चौपटच, म्हणजे चोवीसशें चौरस सेंटिमीटर होतो. एका लिटराच्या वांट्याला येणारा पृष्ठभाग निम्मा झाला. म्हणून मोठें भांडें हळू निवतें. परंतु येथें सायकलीचा विचार आड येतो. आठ लिटर चहा म्हणजे आठ किलोंचें ओझें; तें सगळें एका बाजूस टांगलें तर सायकल सदैव त्या बाजूस ओढूं लागेल. म्हणूनच विक्रेता मध्यम आकाराचीं दोन किंवा चार भांडीं घेऊन तीं डाव्याउजव्या अंगांस सारखीं वांटून टांगतो, आणि एका बाजूचा चहा थोडा विकला गेला कीं मग दुसर्‍या बाजूचा काढूं लागतो. यांत त्यानें कोणतें पुस्तक वाचलेलें नसतें. सायकलच त्याला तें शिकविते.

दुसरी गोष्ट, चहा न सांडूं देणें. भरलेला पेला हातांत घेऊन चालतांना तो हिंदकळतो, याचें कारण केवळ हाताचा कंप हें नव्हे. पेल्यांतील द्रवाला स्वतःची अशी एक हेलकाव्याची गति असते, जशी झोपाळ्याला असते. झोपाळ्याच्या गतीशीं जुळवून हलके हलके झोके दिले तरी तो उंच जातो. तसेंच पेल्याचें होतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील दोन संशोधकांनीं कॉफी घेऊन चालणार्‍या माणसाचा या दृष्टीनें अभ्यास केला व तो २०१२ सालीं प्रसिद्ध केला. नित्याच्या पेल्यांतील कॉफी सेकंदास सुमारें अडीच ते सव्वाचार हेलकावे घेते, आणि माणसाच्या पावलांची गति सेकंदास एक ते अडीच या दरम्यान असते. दोन्ही गति जवळ येतात, पावलांतील अनियमितपणा त्यांत भर घालतो, आणि थोड्याच पावलांत कॉफी कांठावरून उडी घेते. या संशोधनाला त्याच वर्षीं विनोदी ढंगाचें इग्‌ नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्यांतील शास्त्र विनोदी नव्हे.

आतां सायकलीचें पाहूं गेलें तर प्रकरण अधिक कठीण आहे. साधारण स्वार मिनिटास साठसत्तर वेळां पेडल फिरवितो. प्रत्येक फेर्‍यांत दोन पायांचे दोन रेटे असतात. म्हणजे सेकंदास दोनहून थोडे अधिक धक्के झाले. ही गति पेल्याच्या हेलकाव्याच्या अगदीं शेजारची आहे. त्यावर रस्त्यांतील खड्डे, गतिरोधक आणि ब्रेक यांचे अवचित धक्के वेगळेच. रुंद तोंडाचें भांडें तर आणखी वाईट. कारण भांडें जितकें रुंद तितका त्यांतील हेलकावा संथ व मोठा होतो, आणि पेडलांच्या तालाशीं सहज जुळतो. अरुंद व उंच भांड्यांत तो बारीक व जलद राहतो. किटली सायकलीला अडकवून नेणारा माणूस चोंचींतून चहाची रेघ ओढीत जातो, याचें मर्म हेंच. दुधाच्या चहावर फेस असला तर तो थोडा कमी हिंदकळतो, हाहि अनुभव खोटा नाहीं. फेसाचे थोडेसे थर लाटेची शक्ति शोषून घेतात, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दाखविण्यांत आलें आहे. परंतु फेसावर भरंवसा ठेवून सायकल हांकणें शहाणपणाचें नाहीं. खरा उपाय एकच: भांडें अरुंद तोंडाचें असावें, तें बुचाला लागेल न लागेल इतकें भरावें, आणि आट्यांचें झांकण घट्ट पिळावें. ज्या द्रवाला हलण्यास मोकळी जागाच नाहीं तो हिंदकळणार कोठें?

भांडें कोठें बांधावें, यालाहि महत्त्व आहे. हँडलाला लोंबता थर्मास सोयीचा वाटतो. पण तो प्रत्येक वळणावर झोके घेतो, हँडल ओढतो, आणि पट्टा लांब असला तर चाकाच्या तारांत अडकण्याचें भय असतें. पुढच्या चाकांत वस्तु अडकली कीं चाक जागच्या जागीं थांबतें आणि स्वार हँडलावरून पुढें फेंकला जातो. मागच्या कॅरियरवर ठेवलेल्या भांड्याला चाकाचे धक्के सरळ बसतात. तेथें ठेवावयाचेंच असेल तर जाड फडक्यांत गुंडाळून, उभें व आवळून बांधावें. सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे सायकलीच्या सांगाड्याच्या त्रिकोणांत, दोन चाकांच्या मध्यें आणि खालच्या बाजूस. तेथें धक्के कमी पोंचतात आणि तोलहि बिघडत नाहीं. पाठीवरच्या पिशवींत नेणें वाईट नाहीं, कारण माणसाचें शरीर हें उत्तम स्प्रिंगचें काम करतें. परंतु झांकण गळकें असेल तर कढत चहा पाठीवर उतरतो आणि पिशवी काढून टाकीपर्यंत भाजण्याचें काम होऊन जातें. म्हणून निघण्यापूर्वीं थर्मास क्षणभर उलटा धरून पाहावा. ही एका क्षणाची परीक्षा टाळण्याजोगी नाहीं.

तिसरी गोष्ट, चहा बिघडूं न देणें. दुधाचा चहा फार वेळ कोमट राहिला तर त्यांत जंतूंची वाढ होते. पांच ते साठ अंश सेंटिग्रेड या उष्णमानांत त्यांना विशेष फावतें. आणि कांहीं जंतूंचीं बीजें उकळण्यानेंहि मरत नाहींत. म्हणून थर्मासमध्यें चहा भरतांना तो उकळताच असावा, आणि साठ अंशांखालीं उतरण्यापूर्वीं तो संपवावा. सकाळीं भरलेला दुधाचा चहा सायंकाळीं पिणें बरें नव्हे. दूरच्या प्रवासाला निघणारानें कोरा चहा न्यावा आणि दुधाची सोय वाटेंत करावी. रिकामा थर्मास ऊन पाण्यानें व खाण्याच्या सोड्यानें धुवून, झांकण काढून, वाळत ठेवावा. झांकण लावून ठेवलेल्या थर्मासला जो आंबूस वास येतो, तो पुढच्या चहालाहि लागतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ऊन चहा नेणें ही एक कला आहे. पण सायकल चालवीत तो पिणें हा अविचार आहे. याचें कारण सायकलीच्या तोलांत आहे. सायकल आपोआप उभी राहते असें वाटतें. वस्तुतः ती क्षणोक्षणीं कलत असते, आणि ज्या बाजूस ती कलते त्या बाजूस हँडल किंचित् वळवून स्वार तिला पुन्हा सरळ करीत असतो. हें काम इतकें सहज होतें कीं तें होत आहे याची त्याला जाणीवहि राहत नाहीं. एका हातांत पेला आला कीं या कामाला एकच हात उरतो, दोन ब्रेकांपैकीं एकच ब्रेक उरतो, आणि मन रस्त्याऐवजीं पेल्याच्या कांठाकडे लागतें. घोट घेण्यासाठीं मान मागें झुकली कीं दृष्टि रस्त्यावरून सुटते. ताशीं पंधरा किलोमीटर हा कांहीं मोठा वेग नव्हे. पण त्या वेगानें सायकल सेकंदाला चार मीटरांहून अधिक जाते. दोन सेकंदांच्या एका घोटांत आठ मीटर रस्ता न पाहतां कापला जातो. तेवढ्या अंतरांत खड्डाहि येऊं शकतो आणि लहान मूलहि. मग ब्रेक दाबला कीं सायकल थांबते. परंतु पेल्यांतला चहा थांबत नाहीं. तो पूर्वीच्याच वेगानें पुढें जातो आणि हातावर, मांडीवर किंवा पुढें बसविलेल्या मुलावर पडतो.

तो पडला असतां काय होतें? १९४७ सालीं मॉरिट्झ आणि हेन्‍रिक्स या अमेरिकन संशोधकांनीं उष्णमान आणि भाजण्यास लागणारा वेळ यांचा संबंध प्रयोगांनीं ठरविला. साठ अंशांच्या द्रवानें प्रौढ माणसाची कातडी खोलवर भाजण्यास सुमारें पांच सेकंद लागतात. सत्तर अंशांवर एक सेकंद पुरतो. थर्मासमधून नुकताच ओतलेला चहा बहुधा सत्तर अंशांहून अधिक ऊन असतो. मुलांची कातडी पातळ असल्यामुळें ती त्याहून लवकर भाजते. कपड्यांवर सांडलेला चहा तर कपड्यांत मुरून अंगाला चिकटून राहतो. पायीं चालणारा पेला टाकून चटकन् बाजूला उडी मारूं शकतो. सायकलस्वाराला आधीं सायकल सांवरावी लागते. म्हणून दांड्यावर किंवा मागें मूल बसलेलें असतांना उघडें ऊन पेय जवळ असूंच नये, हा नियम घरोघरीं पाळला जावा.

पिण्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१६ सालीं पासष्ट अंशांहून अधिक ऊन पेयें नेहमीं पिणें हें अन्ननलिकेच्या कर्करोगाचें संभाव्य कारण म्हणून नोंदविलें. दोष चहाचा किंवा कॉफीचा नव्हे, अतिउष्णतेचा आहे. तेव्हां थर्मासमधून ओतलेला चहा दोनचार मिनिटें निवूं देणें हितावहच आहे. आणि ती दोनचार मिनिटें सायकल उभी करण्यासाठींच आहेत असें समजावें. मऊ प्लास्टिकच्या बाटलींत उकळता चहा मुळींच भरूं नये. ती उष्णतेनें सैल पडते, दाबतांच चहाची पिचकारी तोंडांत उडते, आणि कोंडलेली वाफ झांकण उघडतांना चहाला उसळी देते.

यावर कोणी म्हणेल कीं थंडीवार्‍यांत सायकल हांकणाराला उष्णता नको काय? येथेंहि हिशेब करून पाहावा. साठ अंशांचा दोनशें ग्रॅम चहा पोटांत जाऊन शरीराइतका निवतो तेव्हां तो पांच उष्मांकांहूनहि थोडी कमी उष्णता देतो. साठ किलो वजनाचें शरीर एक अंशानें तापविण्यास सुमारें पन्नास उष्मांक लागतात. म्हणजे एक पेलाभर चहानें शरीराचें उष्णमान अंशाच्या दहाव्या भागानेंहि वाढत नाहीं. त्याच चहांतील दोन चमचे साखर मात्र चाळीस उष्मांक देते. चहाची ऊब मुख्यतः पेला धरलेल्या बोटांना, घशाला आणि मनाला मिळते. ती खोटी आहे असें नव्हे. थकलेल्या माणसाला तिची किंमत मोठी आहे. परंतु ती मिळविण्यासाठीं चहा कढत असण्याचें कारण नाहीं, आणि चालत्या सायकलीवर पिण्याचें तर मुळींच नाहीं.

शर्यतीच्या इतिहासांतहि याला आधार सांपडतो. ५ जून १९८८ रोजीं इटलीच्या प्रसिद्ध जिरो शर्यतींत गाव्हिया या अडीच हजार मीटरांहून उंच घाटावर बर्फाचें वादळ झालें. अमेरिकेच्या अँडी हॅम्प्स्टन यांच्या संघानें घाटावर उबदार कपडे आणि ऊन पेयें तयार ठेविलीं होतीं. हॅम्प्स्टन त्या दिवशीं आघाडीवर आले आणि पुढें ती शर्यत जिंकले. उलट, घाटमाथ्यावर सर्वांआधीं पोंचलेले व्हान डेर व्हेल्डे हे डच स्वार उतारावर थंडीनें इतके गारठले कीं त्यांना थांबून ऊब घ्यावी लागली, आणि त्यांचा पाऊण तासाहून अधिक वेळ गेला. ऊन पेयाची योजना आधीं करून ठेवणें किती उपयोगाचें असतें, हें त्यावरून कळतें. दुसरें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारें बाराशें किलोमीटरांची सायकलफेरी फ्रान्समध्यें १८९१ सालीं सुरू झाली. पूर्वीं ती शर्यत होती. पुढें ती हौशी स्वारांची फेरी झाली आणि अलीकडे चार वर्षांनीं एकदां होते. नव्वद तासांच्या आंत ती पुरी करावी लागते. २०१९ सालच्या फेरींत भारतांतीलहि अनेक स्वारांनीं भाग घेतला होता. या वाटेवरील खेड्यांतील लोक रात्रीं घरासमोर टेबल मांडून स्वारांना कॉफी देतात. तास मोजून धांवणारे ते स्वारहि तेथें पाय टेकतात, पेला दोन्ही हातांत धरतात, आणि मग निघतात. ज्यांना प्रत्येक मिनिट मोलाचें असतें तेहि कॉफीसाठीं थांबतात. मग रुग्णालयांत चहा नेणाराला किंवा कामावर निघालेल्याला दोन मिनिटें कां मिळूं नयेत?

इतकी काळजी घेऊनहि अपघात घडलाच, तर काय करावें हें ठाऊक असावें. भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या थंड पाण्याखालीं धरावा आणि पुरीं वीस मिनिटें धरावा. भिजलेले कपडे, आंगठ्या व बांगड्या लगेच काढाव्या; कातडीला चिकटलेलें कापड मात्र ओढूं नये. बर्फ, तेल, शाई किंवा दंतमंजन लावूं नये. त्यानें आराम पडत नाहीं आणि वैद्याला जखम नीट दिसत नाहीं. नंतर स्वच्छ कापडानें सैल झांकून, मूल भाजलें असेल किंवा तोंड, हात अथवा तळव्याहून मोठा भाग भाजला असेल तर तत्काळ रुग्णालय गांठावें.

मुंबईच्या रात्रींतला तो चहावाला या सर्व गोष्टी आंकड्यांवांचून जाणतो. दोन बाजूंचें ओझें सारखें, झांकणें घट्ट, वेग बेताचा, आणि गिर्‍हाईक दिसतांच आधीं ब्रेक, मग पाय जमिनीवर, मग तोटी. त्याच्या हातून पेला घेणारा टॅक्सीवालाहि तो उभ्यानेंच पितो. पहांटे थर्मास घेऊन निघालेल्या माणसानें ही रीत उचलली, तर रुग्णालयांतल्या खाटेजवळ चहा ऊन पोंचेल आणि तो नेणाराहि धड पोंचेल. चहाची वाट पाहणाराला दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां अधिक हवी असते.